ड्वेन टॉलिव्हरच्या घरातल्या इंदूकाकू

टेनेसीमध्ये, नॅशव्हिलपासून गाडीने तासाभरावर, ड्वेन टॉलिव्हर नावाच्या गायकाचं घर होतं. हा ड्वेन कंट्री म्यूझिक गायचा. म्हणजे ट्रकवाल्यांची, शेतावरच्या माणसांची आणि सोडून गेलेल्या बायकांची गाणी. पुढे तो घर एका कंपनीला विकून लास व्हेगासला राहायला गेला आणि कंपनी ते घर तिकीट लावून दाखवू लागली. बसगाड्या भरभरून माणसं येत, दारातल्या लाकडी घोड्याशेजारी फोटो काढत आणि आत शिरू लागत. तेवढ्यात बारीक काठाची सुती साडी आणि तिच्यावर कंपनीचं लालभडक जाकीट घातलेली एक बुटकी बाई त्यांना आडवी येई आणि म्हणे, "बूट बाहेर."

हा नियम कंपनीचा नव्हता. इंदूकाकूंचा होता.

टेक्ससहून आलेले, पायांत मगरीच्या कातड्याचे बूट घातलेले सहा फुटी पुरुष गोंधळून खाली बघत. "मॅम, हे म्युझियम आहे ना?" कोणीतरी विचारी.

"हे घर आहे," काकू म्हणत. "घरात कोणी चिखल घेऊन येतं का? तुमच्या आईने शिकवलं नाही?"

आईचं नाव निघालं की दक्षिणेकडची माणसं विरघळतात. बूट निघत.

काकूंशी माझी ओळख खोलीच्या शोधात झाली. मी समाजशास्त्र शिकायला तिथल्या विद्यापीठात आले होते आणि काकूंच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली होती. काका तिथल्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट होते, ते दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले होते. मुलगी सिअ‍ॅटलला. काकूंनी महिनाभर घरात बसून पाहिलं आणि मग पेपरातली जाहिरात बघून गाइडची नोकरी धरली. त्याआधी मिरजेला मुलींच्या शाळेत नऊ वर्षं भूगोल शिकवला होता, एवढा अनुभव कंपनीला पुरला.

माझ्याबद्दल सांगायचं तर माझ्या वडिलांचा इचलकरंजीत ट्रेडल मशीनचा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा यंत्रमाग कामगारांची पत्रकंच जास्त निघत. मी अक्षरं त्यांवरून शिकले. 'धिक्कार' हा शब्द मला स्वतःच्या नावाच्या आधी लिहिता येत होता. एका गायकाचं घर म्हणजे भांडवलशाहीने श्रमिकांच्या गाण्याचं केलेलं दुकान आहे, हे मी काकूंना पहिल्याच जेवणाच्या वेळी समजावून सांगितलं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि विचारलं, "मग पुढारीणबाई, वरण संपवणार का ठेवू?"

तेव्हापासून मी पुढारीणबाई.

काकूंची टूर मी अनेकदा पाहिली, कारण शनिवारी मला घरी ठेवून जायला त्यांना आवडत नसे. "एकटी बसून देशाचा विचार करशील, त्यापेक्षा चल." टूर कसली, तो वर्ग होता. हातात छत्री. छत्रीच्या टोकाने ड्वेनचा बग्गीच्या आकाराचा पलंग, सोन्याच्या तोट्यांचं न्हाणीघर, बुटांचे एकेचाळीस जोड दाखवायचे आणि खोली संपली की प्रश्न. "किती जोड? मागच्या रांगेतले सांगा." ओहायोचा कोणी निवृत्त पोस्टमन कान लाल करून म्हणायचा, "चाळीस?" काकू त्याला परत कपाटाकडे पाठवीत. सोन्याच्या तोट्यांपाशी लोक हरखून उभे राहिले की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाणी तेच येतं."

ड्वेनची गाणी त्यांना अजिबात आवडत नसत. दिवसभर कानांवर पडून पाठ मात्र झाली होती. "प्रत्येक गाण्यात हा उपाशी," त्या म्हणायच्या. "बायको जाते, गाडी बंद पडते, आणि हा बसतो बारमध्ये. कोणी याला दोन घास जेवायला घातले असते तर निम्मी गाणी झालीच नसती."

मॅनेजर रँडल हा पंचविशीचा, टाय लावणारा, खिशात स्टॉपवॉच ठेवणारा मुलगा होता. टूर बावीस मिनिटांची असायला हवी. काकूंची पन्नास मिनिटांच्या खाली कधी आली नाही. पण काकूंच्या गटातले लोक जाताना रँडलचा हात हातात घेऊन सांगत की आयुष्यात इतकं काही शिकलो नव्हतो. त्यामुळे तो नुसताच घड्याळाकडे बघत उभा राही.

खरा प्रश्न उभा राहिला तो छपरामुळे.

कंपनीने छापलेल्या मजकुरात असं होतं की ड्वेनचा जन्म गळक्या छपराच्या झोपडीत झाला, पावसात आई त्याच्या पाळण्यावर पातेलं धरून उभी राहायची. अंगणात ती झोपडी मुद्दाम बांधून ठेवली होती, छपराला व्यवस्थित मापाची भोकं पाडून. ही आई, मिसेस आयडा टॉलिव्हर, जिवंत होती. ब्याऐंशी वर्षांची. घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या आणि जुनं स्वयंपाकघर एवढ्यात राहत होती. ड्वेनने घर विकताना एवढी एकच अट घातली होती की आई जोवर त्या खोल्यांत स्वतःचं घर चालवते, तोवर तिला तिथून हलवायचं नाही. टूर त्या दारापाशी वळे. दारावर पाटी होती, 'खाजगी'.

काकूंनी तिसऱ्याच दिवशी पाटीखालचं दार वाजवलं होतं. एकाच छपराखाली काम करायचं आणि घरातल्या म्हातारीची चौकशी करायची नाही, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आयडाबाईंनी तव्यावर मक्याचं काहीतरी जाडसर भाजलं होतं आणि त्यावर काळपट पाक ओतला होता. काकूंनी एक घास खाल्ला आणि ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, ही काकवी!" त्या भागात ज्वारीच्या गोड ताटांचा रस आटवून पाक करतात, ही गोष्ट भूगोलाच्या बाईंना नऊ वर्षांत कोणी सांगितली नव्हती. भाकरी आणि काकवी. मिरज आणि टेनेसी यांच्यामधला समुद्र त्या दुपारी आटला. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुटीत काकू त्या दाराआड.

तर या आयडाबाईंना काकूंनी एकदा पाळण्यावरच्या पातेल्याबद्दल विचारलं. म्हातारी भडकली. "कसलं पातेलं? ते छप्पर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं. तीस वर्षांत एक थेंब गळला नाही!"

दुसऱ्या दिवसापासून काकू झोपडीसमोर उभ्या राहून छत्रीने भोकं दाखवीत आणि म्हणत, "ही भोकं कंपनीने पाडली आहेत. खरं छप्पर उत्तम होतं. कोणी घातलं? मागच्या रांगेतले?"

"मिस्टर टॉलिव्हर!" सगळे एका सुरात.

सत्याचा असा विजय मी तोवर पाहिला नव्हता. पण कबूल करते, माझी पंचाईत झाली. मी ड्वेनवर एक प्रदीर्घ लेख लिहायला घेतला होता आणि त्यातल्या वर्गीय मांडणीला ते गळकं छप्पर फार सोयीचं होतं. मी काकूंना म्हटलं, "थोडंफार तरी गळत असेल, काकू."

"पुढारीणबाई," काकू म्हणाल्या, "लोकांची गरिबी आपल्या सोयीने वाढवू नये."

छपराची गोष्ट कंपनीच्या कानांवर गेली आणि रँडलला कळलं की या सगळ्या उलट्या माहितीचा उगम 'खाजगी' पाटीच्या मागे आहे. जानेवारीच्या सुरुवातीला त्याने काकूंना बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं की वसंतात स्वयंपाकघर टूरमध्ये घ्यायचं ठरतंय. 'ममाज किचन'. मिसेस टॉलिव्हरसाठी वीस मैलांवर एक छान वृद्धाश्रम बघितला आहे. त्यांची बोटं संधिवाताने वाकलीत, त्या डब्यातलं सूप गरम करून खातात, त्यांच्याकडे कोणी येत नाही, जात नाही. याला काही घर चालवणं म्हणत नाहीत. अटलांटाहून मोठे साहेब येत्या शनिवारी स्वतः बघायला येणार आहेत.

"घर चालवणं म्हणजे नेमकं काय?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे... स्वयंपाक. पाहुणे. हेच सगळं," रँडल म्हणाला.

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'ला मी आता घाबरायला शिकले होते.

त्याच आठवड्यात नॅशव्हिलच्या मराठी मंडळातल्या सुलभाताईंचा फोन आला. संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी त्यांच्याकडे होतं. फोनचा आवाज मोठा होता, मला टेबलापलीकडून सगळं ऐकू आलं. "काकू, तुमच्यासारखे तिळाचे लाडू कोणालाच जमत नाहीत हो. दोनशे कराल ना? आणि तुम्ही ना, संध्याकाळी उशिरा या, निवांत. म्हणजे कसं, कार्यक्रम आटोपलेला असेल... प्लीज वाईट वाटून घेऊ नका हं."

काकू 'बरं' म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पेटले. सात समुद्र ओलांडून, मायक्रोवेव्ह आणि दोन-दोन गाड्या घेऊन या बायका विधवेला दाराबाहेर ठेवतात, पण तिचे लाडू आत घेतात! मी दुपारभर बसून पत्रक लिहिलं. तीन पानी. शीर्षक होतं 'सरंजामी हळदीकुंकवाचा जाहीर निषेध'. काकूंना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि खाली लिहिलं, दहापैकी सहा.

"सहाच?"

"'सरंजामी' नऊ वेळा आलंय. आणि यात मी कुठेच नाही. फक्त माझ्यावर झालेला अन्याय आहे." मग पत्रक घडी करून मला परत दिलं. "तीळ भाजायला ये. आयडाबाईंनी काकवीची बाटली दिलीय."

दोनशे लाडू झाले. सुलभाताईंकडे शंभर गेले. उरलेल्या शंभरांचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकू सहज म्हणाल्या, "माझ्याकडेही कार्यक्रम आहे."

शनिवारी अकरा वाजता केंटकीहून चर्चच्या बायकांची बस आली. तेवीस बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या, केस कापसासारखे फुगवलेले. काकूंनी बूट काढून घेतले, पलंग दाखवला, तोट्या दाखवल्या आणि जिन्याकडे वळायच्या ऐवजी सगळा वर्ग सरळ 'खाजगी' पाटीकडे नेला.

आत आयडाबाई चर्चला जायच्या निळ्या झग्यात, डोक्यावर हॅट घालून बसल्या होत्या. शेगडीवर मक्याच्या भाकऱ्या. पीठ काकूंनी मळलं होतं, पण तव्यावर उलटत होत्या आयडाबाई स्वतः, वाकड्या बोटांत उलथनं दोन्ही हातांनी धरून. टेबलावर लाडूंचं ताट, आणि काकूंचा चांदीचा करंडा. मी राहायला आल्यापासून तो देवघराच्या खणातून बाहेर आलेला पाहिला नव्हता.

"हा आमच्याकडचा सण आहे," काकूंनी सांगितलं. "घरची बाई बायकांना बोलावते, कपाळाला कुंकू लावते, गोड देते आणि एक वस्तू देते."

"कोणत्या बायकांना?" एका जाड भिंगांच्या बाईंनी विचारलं. "माझा जिम दोन वर्षांपूर्वी गेला."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी एक क्षणही घेतला नाही.

"सगळ्या बायकांना," त्या म्हणाल्या.

आयडाबाईंनी पहिलं बोट करंड्यात बुडवलं ते काकूंसाठी. बोट संधिवाताने वाकलेलं. कुंकू वाकडं बसलं, जवळजवळ डाव्या भुवईवर. काकूंनी ते पुसलं नाही की सरळ केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढची कोण? रांगेत या." मग रांग लागली. मी कॉफी ओतत होते. माझी पाळी आली तसं मी तत्त्वाने मागे सरकले, कारण कुंकू मी लावत नाही, सवाष्णीचं नाही आणि विधवेचंही नाही. बायका अवघडल्या. काकूंनी त्यांना समजावलं, "हिला राहू दे. ही कम्युनिस्ट आहे."

टेनेसीत, आणि तेही शीतयुद्धाच्या काळात! स्वयंपाकघर गार झालं. एका बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. आयडाबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग हिला दोन लाडू दे. वाळलीय."

वाण म्हणून दिले निळ्या एनॅमलचे कप. दिवाणखान्यातल्या कपाटात असे चोवीस कप मांडलेले होते. आयडाबाईंनी स्वतः काकूंना सांगितलं होतं की ते कप आपले आहेत, अंडी विकून एकेक करून घेतलेले, त्यातले हवे तेवढे वाटून टाक. प्रत्येक कपाच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. भेटवस्तूवर किंमत ठेवून देणं काकूंना असभ्य वाटलं, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी चोवीसही कप कोमट पाण्यात बुडवून चिठ्ठ्या सोलून काढल्या होत्या. त्या किमती नव्हत्या. कंपनीच्या मौल्यवान वस्तूंच्या यादीतले क्रमांक होते ते.

हे आम्हांला कळलं ते दार उघडून रँडल आणि अटलांटाचे साहेब आत आले तेव्हा. रँडल प्रत्येक कपाचं बूड उलटं करून बघत सुटला. "एकशे बारा कुठे आहे? एकशे तेरा?" मग तो जाड भिंगांच्या बाईंना म्हणाला, "मॅम, हा कप परत द्यावा लागेल."

"बाळ," त्या बाई म्हणाल्या, "हा मला मिस आयडाने माझ्या कपाळाला हात लावून दिलाय. ये, घेऊन दाखव." आणि कप त्यांनी थेट ब्लाउजमध्ये सारला. बाकी बावीस जणींनी जिथे जमेल तिथे तेच केलं. रँडल मागे हटला.

साहेब चांदीसारख्या केसांचे, शांत गृहस्थ होते. काकूंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं होतं, त्यामुळे ते मोज्यांवर उभे होते. त्यांनी भाकरी खाल्ली, कॉफी घेतली आणि विचारलं, "मिसेस टॉलिव्हर, असं नेहमी असतं?"

"माझं घर आहे," आयडाबाई म्हणाल्या. "लोक येतात."

साहेबांनी सभोवार पाहिलं. तेवीस लाल कपाळं, तेवीस तृप्त चेहरे. त्यांच्या डोळ्यांत मी एक उजेड पाहिला आणि मला वाटलं, माणूस द्रवला. मग ते रँडलकडे वळून म्हणाले, "हे दर शनिवारी करा. जादा तिकीट लावा."

मला माझं पत्रक आठवलं. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "नाही."

"का बरं?"

"तिकीट लावलं की त्या पाहुण्या राहत नाहीत. आणि पाहुण्या नसल्या तर हे तिचं घर राहत नाही. तुम्हांला तेच हवंय, मला माहीत आहे."

साहेब हसले नाहीत. "मिसेस टॉलिव्हर घर चालवतात याचा तुमच्याकडे काही पुरावा आहे का? आजचा दिवस सोडला तर?"

"आजच्या दिवसाचाच आहे," असं म्हणून काकूंनी मला कोपरखळी मारली. "पुढारीणबाई, कागद घ्या. इंग्रजीत लिहा. दोनच ओळी, विशेषणं नकोत."

मी लिहिलं. 'आज आम्ही मिसेस आयडा टॉलिव्हर यांच्या घरी पाहुण्या म्हणून गेलो होतो. त्यांनी स्वतःच्या हाताने भाजलेलं आम्हांला खायला दिलं.' खाली तेवीस सह्या, पत्त्यांसकट. जाड भिंगांच्या बाईंनी सही करून साहेबांना सांगितलं की त्यांचा जावई लेक्सिंग्टनला वकील आहे आणि सध्या त्याला फारसं काम नाही. मी आयुष्यभर जी पत्रकं लिहिली, त्यांतलं परिणाम झालेलं हे एकमेव. त्यात 'धिक्कार' नव्हता.

वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. काकूंची नोकरी मात्र सोमवारी गेली. कारण दिलं होतं, चोवीस प्रदर्शनीय वस्तूंचं नुकसान. लाल जाकीट त्यांनी धुऊन, इस्त्री करून परत केलं. नोकरांच्या मागच्या फाटकाने आत यायला आता त्यांना बंदी होती. मी म्हटलं, "काकू, याविरुद्ध लढायला हवं." त्या म्हणाल्या, "कशाला? पुढचं फाटक आहे की."

पुढच्या संक्रांतीला सुलभाताईंनी आवर्जून फोन केला. "काकू, या वर्षी आम्ही सगळ्यांनाच बोलावतोय, तुम्हीही या हं." काकूंनी अगदी प्रेमाने सांगितलं की शनिवारी त्यांना जमणार नाही, एक ठरलेलं जाणं आहे. लाडूंची कृती मात्र पोस्टाने पाठवली.

मी नॅशव्हिल सोडलं त्याच्या आदल्या दिवशी शेवटचं ते घर बघायला गेले. मंगळवार होता. रांगेत सुती साडीवर कोट घातलेली एक बुटकी बाई तिकीट हातात घेऊन उभी होती, काखेत डबा. नवी गाइड वीसेक वर्षांची, सोनेरी केसांची मुलगी होती. तिने पलंग दाखवला, तोट्या दाखवल्या, सगळं बावीस मिनिटांच्या हिशोबाने. 'खाजगी' पाटीपाशी रांग जिन्याकडे वळली आणि काकू वळल्या नाहीत. दार वाजवून आत गेल्या. एका प्रवाशाने विचारलं, त्या बाई कुठे चालल्या?

"मिसेस टॉलिव्हरकडे," मुलगी म्हणाली. "त्यांच्याकडे पाहुणे येतात. आपण वर जाऊया."

सगळे वर गेले. मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबले. दाराआडून दोन म्हाताऱ्यांचे आवाज येत होते. एक मिरजेच्या इंग्रजीत, एक टेनेसीच्या. मक्याच्या पिठात आधी पाणी घालायचं की आधी मीठ, यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं, आणि दोघींपैकी कोणीही माघार घ्यायच्या बेतात नव्हती.